पीसीओएसचा फॉर्म घरी आणलाय. खरं लिहायचं तर कसं लिहायचं?

सव्वासातची

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३१, बदलापूरची. दादरला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. लग्न नाही, आई-बाबांसोबत राहते. पीसीओएस (संप्रेरकांचा बिघाड, पाळी लांबते, नको तिथे केस येतात) एकोणिसाव्या वर्षी निघालं. सध्या मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) ५०० दोनदा आणि पाळी फारच लांबली की ती आणायच्या गोळ्या. गेल्या बारा महिन्यांत पाळी पाच वेळा.

मागच्या शनिवारी ओपीडीत मला सहा पानी फॉर्म दिला. वर मथळा ‘जीवनशैली व दैनंदिन कार्यक्षमता मूल्यांकन’. कुणाच्या तरी प्रबंधाचं काम चालू आहे, पण डॉक्टरबाई म्हणाल्या की मीही तो बघून पुढचं ठरवेन. मांडीवर पर्स, पर्सवर फॉर्म, दहा मिनिटांत खुणा करून देऊन टाकला. परतीच्या गाडीत अंबरनाथच्या आसपास लक्षात आलं की निम्मं खोटं लिहून आलेय. मुद्दाम नाही हो. पण खोटंच. सोमवारी फोन करून विचारलं, दुसरा भरून देऊ का? त्या मुलीने व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली, साहेब जेवायला गेल्यावर ऑफिसातच प्रिंट मारली. पुढच्या फेरीला नेऊन द्यायचाय. पण आता पेन हातात घेतलं की अडतेय.

‘मागील ७ दिवसांत मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल (सलग किमान १० मिनिटे)’ इथे मी शून्य लिहिलं होतं. जिम नाही, योगा नाही, चालायला जात नाही. पण आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं, पाऊण तास. दुसऱ्या मजल्यावर प्रेशर चढत नाही, म्हणून खालच्या नळावरून बादल्या वर. रोज सहा खेपा. बाबांची कंबर गेल्यापासून माझ्याच. मग लोकल, दादरपर्यंत सव्वा तास धरा, त्यात निम्मा वेळ उभी. ऑफिसात खुर्ची. येताना परत उभी. यातलं काय धरायचं?

दुसरं. ‘चेहऱ्यावरील केसांमुळे त्रास’, सात चौकोन. मी ‘क्वचित’वर खूण केली. कारण माझ्या चेहऱ्यावर केस कुणाला दिसतच नाहीत. आणि ते दिसत नाहीत कारण पाच दहाला उठून मी बाथरूमची कडी लावते आणि प्लकर घेऊन आरशाला नाक लावून उभी राहते. ट्यूब जुनी, फडफडते. हनुवटीच्या डाव्या बाजूला हाडाच्या जरा खाली एक केस आहे, तो दिसत नाही, फक्त बोटाला लागतो, शिऱ्यात राहिलेल्या खड्यासारखा. मान वर करून अंगठ्याने कातडी ताणायची आणि अंदाजाने चिमटा मारायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी येतो. वीस मिनिटं जातात. पाणी यायच्या आत उरकावं लागतं. हे दहा-अकरा वर्षं चालू आहे, घरी कुणाला माहीत नाही. तर हे ‘क्वचित’ की ‘नेहमी’?

तिसरं. ‘या आजारामुळे मागील ३० दिवसांत किती दिवस काम करता आले नाही?’ शून्य. खरंच शून्य, कारण रजा म्हणजे पगार कापला. पण गेल्या महिन्यात बहात्तर दिवसांनी पाळी आली ती अशी आली की काळा कुर्ता, दोन पॅड, खुर्चीवर ओढणीची घडी. त्या दिवशी एकच बँक रिकन्सिलिएशन (आमचा हिशेब बँकेच्या खात्याशी जुळवणं) तीनदा केलं. आकडा १,४५० चा आणि मी १,५४० धरून बसलेली. हजेरी लागली म्हणजे काम केलं असं होतं का?

आणि एक. मूल होण्याबद्दलची चिंता विचारणारे तीन-चार प्रश्न होते. त्यावर त्या मुलीने माझ्यासमोर आडवी रेघ मारली, “तुमचं लग्न नाही ना, हे लागू नाही.” मी काही बोलले नाही. पण मला लागू आहेत ते प्रश्न. फार लागू आहेत.

कुणी असे फॉर्म भरलेत? किंवा वाचायचं काम करतं का कुणी?

तूपसाखर

ताई फॉर्मबिर्म सोडा. दालचिनीचं पाणी उपाशीपोटी, मैदा-साखर-दूध बंद, रात्री सातच्या आत जेवण. माझ्या जावेचं तीन महिन्यांत सगळं नॉर्मल!

विरारची

@तूपसाखर, रात्री सातला ही बाई घाटकोपर-ठाण्याच्या मध्ये लटकलेली असते. डबा तिथेच उघडायचा का?

खांदागुडघा

मी फिजिओथेरपिस्ट, नाशिक. असे फॉर्म भरूनही घेते आणि वाचतेही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी @तूपसाखर : जावेला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये नव्याने आली, त्यात सरळ म्हटलंय की अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. जो माणसाला जमतो, परवडतो आणि टिकतो तो चांगला.

आता हालचाल. आमची साधी खूण अशी : काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम. दोन-चार शब्दांवर दम तुटतो, ती तीव्र. पंधरा लिटरची बादली असेल तर नुसत्या पाण्याचंच वजन १५ किलो झालं, ते घेऊन दोन मजले चढणं ही हालचाल नाही तर काय आहे? धरायचीच. शून्य लिहिणं चूक. फक्त चढणं धरा. रिकामी बादली घेऊन उतरणं आणि नळापाशी वाट बघणं सोडा. दहा मिनिटं सलग हवीत ही अट जुनी आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत ती काढून टाकली. तुमच्या फॉर्मवर छापली असेल तर कडेला लिहा : ‘तुकड्यातुकड्यांत, एकूण इतकी मिनिटं.’

लोकलमध्ये उभं राहणं मात्र मी धरणार नाही. ते बसणं नाही हे मान्य, पण व्यायामही नाही. पाय दुखतात म्हणून धरावंसं वाटतं, पण थकवा आणि श्रम या दोन गोष्टी आहेत.

विरारची

धरणार नाही?? एकदा सकाळी आठची चर्चगेट फास्ट पकडून दाखवा, मग बोलू.

खांदागुडघा

गाडीत *चढणं* धरते, बास? :)

चेष्टा सोडून एक सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे. या प्रकारच्या फॉर्मांत लोक हालचाल जास्तच सांगतात. झाडू, पोछा, जिने, बाजार, सगळं गोळा केलं की कागदावर बाई राष्ट्रीय खेळाडू दिसते. मग वजन हलत नाही, शुगर हलत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं ही खाण्याचं खोटं सांगते. म्हणून एक आठवडा मोबाइलवर घड्याळ लावून मोजा. प्रौढांसाठी शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० तीव्र, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. तुम्ही कुठे आहात ते तरी कळेल. बसण्याचे तासही मोजा, तो रकाना लोक बिनधास्त रिकामा ठेवतात.

केसांबद्दल : तुमच्या फॉर्मातला प्रश्न वाचून मला १९९८ पासून वापरात असलेल्या पीसीओएसच्या प्रश्नावलीची आठवण झाली. २६ प्रश्न, पाच भाग : भावना, अंगावरचे केस, वजन, मूल, पाळी. सात पर्याय. तीच असेल तर त्यात हनुवटीवरचे केस आणि त्याचा संकोच हे वेगवेगळे प्रश्न आहेत. ‘केस दिसतात का’ असं कुणी विचारत नाहीये हो, *तुम्हाला* ते किती छळतात हे विचारतात. रोज वीस मिनिटं कडी लावून उभं राहणारीचं उत्तर ‘क्वचित’ कसं असेल?

आणि डॉक्टर केसांचे जे गुण देतात, अंगाचे नऊ भाग, प्रत्येकी शून्य ते चार, ते उपटून गेलात तर कमीच येणार. त्यांना सांगा तरी.

कृष्णाकाठ

सव्वासातची, बाळ, मी सांगलीची, वय ४४. तुझं वाचून चहा गार झाला माझा.

माझ्या वेळी फॉर्म नव्हता. होतं ते कालनिर्णय. स्वयंपाकघरात दाराच्या मागं टांगलेलं, त्यावर पेन्सिलीनं बारीक टिंब. सव्विसाव्या वर्षी पाच महिने टिंबच नाही, आणि मी खूश, बरं झालं कटकट गेली! कुणी सांगितलंच नव्हतं की गर्भाशयाच्या आतलं अस्तर वाढत राहतं आणि ते असं वर्षानुवर्षं राहू देणं धोक्याचं. तुझं चांगलं आहे, गोळ्या घेऊन आणतेस. पण बहात्तर दिवस, पाच वेळा, हे सगळं तारखांसकट लिही गं. ‘अनियमित’ एवढा एकच शब्द लिहू नको. अनियमित तर एसटी पण असते.

दुसरं, झोप. त्या फॉर्मात असेल तर तिथं थांब जरा. आमचे हे लग्नापासून मला चिडवायचे, मिरज पॅसेंजर म्हणून. मी पण हसायची. दुपारी देवळात कीर्तनाला बसलं की मान पडायची, लोक म्हणायचे भक्तीत तल्लीन. चाळिशीला पोचल्यावर एका डॉक्टरांनी विचारलं घोरता का, दिवसा डुलक्या येतात का, आणि तपासणी केली तर झोपेत श्वास अडकत होता. ते पीसीओएसवाल्यांत जास्त असतंय म्हणे. इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजून घेतलं.

आणि शुगर. माझी उपाशीपोटीची ९६, सगळे म्हणाले छान. ग्लुकोज पाजून दोन तासांनी घेतली तर १६८, म्हणजे वाढलेली. नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर जाऊ नको, दोन तासांची करून घे.

मुलाचे प्रश्न भर. ठासून भर. मला लेक तेहेतिसाव्या वर्षी झाली, पण मी पहिल्यांदा त्या काळजीनं रडले तेव्हा मी बावीसची होते, लग्नाचं बोलणंसुद्धा नव्हतं घरात. काळजीला कुठं मंगळसूत्र लागतंय?

डेटाएंट्री

पुण्यात सर्व्हेचे फॉर्म संगणकावर चढवायचं काम करतो. पुरुष आहे, या विषयात बोलावं का नाही कळत नव्हतं, पण फॉर्मचं मला कळतं म्हणून लिहितो.

१) रेघ मारलेला प्रश्न, रिकामा सोडलेला प्रश्न आणि ‘अजिबात त्रास नाही’ या आमच्याकडे तीन वेगळ्या गोष्टी असतात. तुमच्या त्या मुलीने रेघ मारली म्हणजे तुमचं उत्तर ‘लागू नाही’ म्हणून गेलं. शंभर अविवाहित बायकांचं असं गेलं की अहवालात दिसणार की अविवाहितांना ही चिंता नसते. म्हणून हट्टाने भरा.

२) खांदागुडघा म्हणतात ती २६ प्रश्नांची असेल तर त्यात १ म्हणजे सगळ्यात वाईट आणि ७ म्हणजे काहीच त्रास नाही. निम्मे लोक उलटं धरतात. वरची सूचना दोनदा वाचा.

३) ‘किती दिवस काम करता आले नाही’ याच्या खाली बहुतेक वेळा अजून एक ओळ असते, ‘किती दिवस काम कमी करावे लागले’ अशी. जागतिक आरोग्य संघटनेची जी कार्यक्षमतेची प्रश्नावली आहे तिच्यात हे दोन्ही प्रश्न आहेत. बघा, असेल. तुमचा तो १,५४० वाला दिवस तिथे जातो.

४) समासात लिहा. आम्ही वाचतो. एकदा एका आजीनी गुडघ्यांच्या फॉर्मवर लिहिलं होतं, ‘संडासला बसता येत नाही हे कुठे विचारलंच नाही’. पुढच्या वेळी छापताना तो प्रश्न घातला होता.

सव्वासातची

परत आले. बारा दिवस झाले. सगळ्यांचे आभार, विशेषतः कृष्णाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद मी गाडीत वाचला आणि शेजारची बाई विचारायला लागली काय झालं म्हणून.

आधी आकडे. सहा खेपांना १७ मिनिटं लागतात. पण त्यात बादली भरायची वाट ६ मिनिटं आणि उतरणं ४. म्हणजे खरं चढणं रोज ७ मिनिटं, आठवड्याला ४९. मला वाटत होतं मी केवढी मरते. दादरच्या पुलाचे जिने आणि स्टेशन ते ऑफिस झपझप चालणं धरून आठवड्याला ११४ झाले. शून्य नाही, १५० पण नाही. बसणं मात्र दिवसाला साडेदहा तास, हे मोजल्यावर मीच हबकले. झोप पावणेबारा ते पाच दहा.

आणि हो @डेटाएंट्री, ती दुसरी ओळ होती! पहिल्यांदा भरताना नजरच गेली नव्हती. तिथे ६ दिवस लिहिले.

आता केस. डॉक्टरांना फोनवर विचारलं, तर म्हणाल्या जमत असेल तर चार दिवस हात लावू नका, बघू दे मला. चार दिवस! मास्क लावून गेले. ऑफिसात सांगितलं खोकला आहे, आणि मग दर तासाला खोकावं लागलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आल्याच्या वड्या आणून दिल्या. खाल्ल्या मास्कच्या आतून.

घरात मास्क लावता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच दहाला जाग आली, कामच नव्हतं, ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. आई आली, दिवा लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ती ट्यूब बदलून घे गं मेली, बाबांना किती दिवस सांगतेय, डोळे जातील तुझे.” एवढंच. मग चहा ठेवला. म्हणजे हिला माहीत होतं. किती वर्षं माहीत होतं ते मी विचारलं नाही.

ओपीडीत नऊ भागांचे गुण यावेळी ११ आले. मागच्या केस पेपरवर ४ लिहिलेत, त्याच डॉक्टरांच्या अक्षरात. त्या बराच वेळ दोन्ही आकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या मी विचारायला हवं होतं. मला त्यांचा राग आला नाही, मीच तर ब्लीचबिच करून चकाचक जायचे, डॉक्टरकडे जायचं म्हणून. आता बीपी वगैरे बघून संप्रेरकांच्या गोळ्या सुरू करू म्हणाल्या, पण केसांत फरक दिसायला सहा महिने तरी धरा, तोवर प्लकर सोडू नका हवं तर. लेसरचंही बोलल्या, किंमत ऐकून मी विषय बदलला.

मूलवाले प्रश्न भरले. रेघ मारणाऱ्या त्या मुलीनेच फॉर्म घेतला, ते पान बघितलं, आणि काही न बोलता स्टेपल केला.

एक वेगळी नऊ प्रश्नांची पट्टी पण दिली होती, मनाची. माझे १३ आले. दहा किंवा त्याहून जास्त आले की बोलावं लागतं म्हणे कुणाशी तरी. शनिवारी समुपदेशकांची वेळ आहे. याबद्दल आत्ता नाही लिहीत.

पुढच्या बुधवारी ग्लुकोजची दोन तासांची टेस्ट सांगितलीय. अर्धा दिवस जाणार. ते गोड पाणी मला जाईल असं वाटत नाही, लिंबू पिळलं तर चालतं का?

कृष्णाकाठ

लिंबाचं लॅबवाल्यालाच विचार, आमच्याकडं अर्धं पिळू देतात. ७५ ग्रॅम असतं, पाच मिनिटांत संपवायचं, घोट घोट करत बसू नको, जास्त मळमळतं. आणि टेस्ट आहे म्हणून तीन दिवस आधीपासून भात-पोळी तोडू नको, आकडा चुकतो. नेहमीसारखं जेव. मेटफॉर्मिन त्या सकाळी घ्यायची का नाही ते डॉक्टरांना विचारून घे.

ट्यूब बदलली का?

खांदागुडघा

आणि मधले दोन तास बसून राहायचं. ‘तेवढ्यात बँकेचं काम उरकते’ म्हणून चालत सुटू नका, तुम्ही सुटाल असं वाटतंय. एरवी मी कुणाला बसा म्हणत नाही.

सव्वासातची

बँकेचंच काम काढलं होतं :( बरं, बसते.

एलईडी लावला काल. पांढरा, १८ वॉटचा. तो खड्यासारखा केस पहिल्यांदाच दिसला. एक नाही, दोन आहेत.